उंच गाडीची बुटकी स्टेपनी

मित्रांनो, मी एक स्टेपनी आहे. नाव ऐकून हसू नका. गाडीच्या मागच्या दारावर एक जादा चाक लटकवलेलं असतं ना, ते मी. चार चाकं धावतात, चिखल खातात, झिजतात, आणि गाडीचं कौतुक झालं की त्यांचंही होतं. पाचवं चाक नुसतं लटकतं. क्रिकेटच्या संघातल्या बाराव्या गड्यासारखं आमचं आयुष्य असतं. खेळ चालू आहे तोवर पाणी नेऊन द्यायचं आणि कुणाचा पाय मुरगळला की एकदम सगळ्यांना आठवायचं. त्यामुळे माझा स्वभाव जरा कडवट झाला आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. चिकट काळं रबर, त्यात तारांची जाळी, आणि मग तापलेल्या साच्यात गच्च दाबून धरलेलं अंग. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते आणि वाफ निघत होती. आम्ही एकाच मापाची पाच भावंडं एका जीपसाठी निघालो. कुणी खाली जायचं आणि कुणी मागे लटकायचं हे एका फिटरच्या हाताने ठरवलं. चार चाकं बसवून झाल्यावर त्याच्या हाताशी मी उरले होते, एवढंच माझं नशीब.

ती जीप अण्णांनी घेतली. अण्णांनी उभी हयात मालट्रक चालवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर माणसं झोपाळा घेतात, यांनी फोर-व्हीलची, म्हणजे दांडा ओढला की चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी जीप घेतली. त्यांचं घर डोंगरावरच्या वस्तीत होतं आणि दवाखाना, बाजार, शाळा सगळं खालच्या शहरात. मधे एक ओढा होता आणि ओढ्यावर एक अरुंद पूल.

मित्रांनो, अण्णांची एक सवय होती. गाडी सुरू करण्याआधी ते सगळ्यांत पहिल्यांदा माझ्याकडे यायचे. चार चाकांकडे नंतर. अंगठ्याने माझी बाजू दाबायची, हातातल्या पान्याने एकदा ठोकायचं आणि कान देऊन आवाज ऐकायचा. "हिची हवा कुणी बघत नाही आणि रस्त्यात हीच लागते," असं ते दोन्ही मुलांना सांगायचे. थोरला पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता, धाकट्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दोघेही मान डोलवायचे आणि विसरून जायचे. मला मात्र त्या एका ठोक्याने दिवसभर बरं वाटायचं. कुणीतरी आपली रोज चौकशी करतं म्हटल्यावर लटकणंसुद्धा कंटाळवाणं होत नाही.

कामाला मी मोजक्याच वेळा आले. एकदा घाटाच्या मध्यावर पुढचं डावं चाक बसलं. गाडीत अण्णा, आई आणि थोरला होते, आणि थोरल्याला खात्याच्या परीक्षेची घाई होती. अण्णांनी बोलता बोलता मला खाली उतरवलं, लावलं आणि गाडी पुढे काढली. परीक्षा चुकली नाही. घरी आल्यावर आईंनी ओल्या फडक्याने माझ्यावरचा चिखल पुसला. "हिने आज लाज राखली हो," असं त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणजे एवढंच, पण ते मी जपून ठेवलं आहे.

मग अण्णांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आधी पाय सुजले, मग चेहरा. खालच्या शहरातल्या दवाखान्यात एक यंत्र होतं. ते अंगातलं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडायचं. आठवड्यातून दोनदा अण्णांची त्या यंत्रावर पाळी असे. घरी पाणी मोजून मिळायचं. तहान लागली की आई त्यांना बर्फाचा एक खडा द्यायच्या आणि अण्णा तो गालात धरून बसायचे. "आयुष्यभर इंजिनाला पाणी पाजलं, आता माझाच रेडिएटर बंद," असं ते हसून म्हणायचे. आई हसायच्या नाहीत.

पाळी चुकली तर काय होतं ते मी एकदाच पाहिलं. त्या वर्षी पुरात ओढ्यावरचा पूल कोसळला. पुलाच्या जागी 'काम चालू आहे' अशी पाटी लागली आणि काम काही चालू झालं नाही. गाड्यांना ओढ्यातूनच जावं लागे. पाणी फार नसे, पण मधोमध एक पसरट खडक होता. त्या खडकावर आमच्या जीपचं पोट टेकलं आणि गाडी अडकली. ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत पाळीची वेळ टळली. पुढची पाळी मिळेपर्यंत अण्णा आडवे होऊ शकत नव्हते. आडवं झालं की छातीत पाणी भरायचं आणि बुडणाऱ्या माणसासारखा त्यांचा श्वास घुसमटायचा. आईंनी त्यांना भिंतीला टेकवून रात्रंदिवस बसतं ठेवलं. दोघा भावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हा अंगणात, अगदी माझ्यासमोर उभं राहून थोरला म्हणाला,

"परत असं झालं तर अण्णा हातचे जातील. गाडी उंच करू या."

विचार चुकीचा नव्हता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्या पोरांना नावं ठेवाल. बापासाठी जीव टाकणारी पोरं होती ती.

आधी गाडी गॅरेजमध्ये गेली. तिथे स्प्रिंगा बदलल्या, खाली ठोकळे बसवले आणि जीप वीतभर वर उचलली. उंच केलेल्या गाडीला माझी चार भावंडं शोभेनात. आखूड पायजम्यातून उघड्या पोटऱ्या दिसाव्यात तशी गाडी दिसत होती. शिवाय स्प्रिंगा उंच केल्या तरी मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर चाकंच मोठी हवीत. म्हणून आम्ही टायरच्या दुकानात गेलो.

दुकान म्हणजे रस्त्याला उघडी अशी एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना टायरांच्या उतरंडी, मधे हवेचं यंत्र, कोपऱ्यात पंक्चर शोधायचा पाण्याचा हौद. दुकानदार जाडजूड माणूस होता आणि सगळे त्याला 'शेठ' म्हणत. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं,

"कशाला पाहिजेत? चिखलात खेळायला की रोजच्या कामाला?"

"कामालाच," थोरला म्हणाला. "आठवड्यातून दोनदा वडिलांना दवाखान्यात न्यायचंय. मधे ओढा आहे."

"मग हे घ्या." शेठने मध्यम खाचांचा एक टायर पुढे लोटला. "खडक, चिखल, डांबर, सगळीकडे चालेल. आवाज कमी. आधीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा."

धाकट्याचा चेहरा पडला. गेले कित्येक दिवस तो मोबाइलवर अशाच गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. त्याची नजर वरच्या फळीवर गेली होती. तिथे चिखलाचे टायर होते. रुंद, उंच, आणि खाचा इतक्या खोल की त्यात मूठ जाईल.

"ते दाखवा की."

"ते दोन नंबर मोठे आहेत," शेठ म्हणाला. "वळताना मडगार्डला घासतील, पत्रा कापावा लागेल. डांबरावर कानठळ्या बसतील. ब्रेकही जरा लांबून दाबायला लागेल."

"पण खडकावरून जाईल ना?"

"जाईल. उड्या मारत जाईल."

"दादा, उगाच अर्धवट करू नकोस," धाकटा भावाला म्हणाला. "एक नंबरने टेकलं पोट परत, तर काय करणार आहेस? अण्णांच्या जिवाचा प्रश्न आहे."

यावर थोरला काय बोलणार? बापाच्या जिवाचं नाव निघालं की कुणाचंही तोंड बंद होतं. त्याने मान हलवली. दुकानातला पोरगा फळीवर चढून टायर उतरवायला लागला तसा शेठने विचारलं,

"पाच काढू ना?"

आता मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. या एका प्रश्नापाशी माझं आणि त्या घराचं घोडं अडलं. धाकट्याने मोठा टायर गडगडत आणून माझ्या शेजारी धरून पाहिला. तो माझ्या आकड्यावर बसेना. आकडा वाकवून बसवला असता तरी दार उघडताना तो बंपरवर अडकला असता, आणि अण्णा तर मागच्याच दाराने चढायचे. त्यांना पाय लांब करून बसता यावं म्हणून मागचं बाक त्यांच्यासाठीच ठेवलेलं होतं.

"टपावर कॅरिअर करून तिथे टाकू पाचवा," थोरला म्हणाला.

"करू. सावकाश करू," धाकटा म्हणाला. "आधी ही चार तर लागू दे. तोवर आहे ना जुनी."

"वेगळ्या मापाचं चाक लावून फोर-व्हील टाकायचं नाही हं," शेठने बजावलं. "आतले दात एकमेकांना खातील."

"हो हो, माहीत आहे."

खरंच माहीत होतं त्यांना. त्या दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. फक्त ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते अण्णा घरी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

माझी चार भावंडं त्याच दुकानात राहिली. शेठच्या माणसाने ती एकावर एक रचली. निरोप घ्यायची पद्धत आमच्यात नसते.

गाडी घरी आली तेव्हा वस्तीतली पोरं मागे धावत होती. मोठ्या टायरांचा घुमणारा आवाज ऐकून माणसं दारात आली. धाकटा मान ताठ करून उतरला. उतरला कसला, उडी मारली त्याने. अण्णांना हाताला धरून आईंनी बाहेर आणलं. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. माझ्यापाशी आले तेव्हा ते थांबले. पूर्वी मी त्यांच्या कमरेशी असायचे, आता छातीशी आले होते. त्यांनी खालच्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही बुटकी राहिली की रे."

"टपावर टाकणार आहोत मोठी," धाकटा घाईघाईने म्हणाला. "तुम्ही बसून तर बघा अण्णा."

अण्णांनी मागचं दार उघडलं आणि पाय उचलला. पाय पोचला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी दाराची कड धरून अंग वर ओढलं, तेव्हा सुजलेला गुडघा पत्र्यावर आपटला. ज्या माणसाने उभं आयुष्य ट्रकच्या केबिनमध्ये चढउतार केली, तो स्वतःच्या जीपमध्ये चढू शकत नव्हता. शेवटी दोघा मुलांनी काखेत हात घालून पोतं चढवावं तसं त्यांना आत चढवलं. आत बसल्यावर ते हसले. "पुढच्या वेळी क्रेन सांगा," असं म्हणाले. आई स्वयंपाकघरात गेल्या आणि लाकडी स्टूल घेऊन आल्या. ते त्यांनी गाडीत ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी इतक्या जवळ होते की मला तो नीट ऐकू आला.

"गाडी कुणासाठी केलीत रे ही?"

थोरल्याने ते स्टूल अण्णांच्या पायांपाशी नीट सरकवलं.

खोटं कशाला बोलू, गाडीने काम केलं. पसरट खडकावरून ती आरामात जाऊ लागली. एकही पाळी चुकली नाही. अण्णांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली आणि आईंचा जीव भांड्यात पडला. वस्तीतल्या लोकांनी पोरांची पाठ थोपटली. धाकट्याच्या मोबाइलमध्ये गाडीचे इतके फोटो जमले की अण्णांचा त्यात एखादाच असेल. फक्त डांबरावर लागल्यावर टायरांचा आवाज इतका घुमायचा की मागे बसलेल्या अण्णांचं डोकं दुखायचं. ते कानात कापूस घालून बसू लागले. मग ते काही बोलले तरी पुढे ऐकू जात नसे, आणि पुढचं काही त्यांना ऐकू येत नसे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं.

माझी गंमत तर ऐका. मोठ्या गाडीवर लहान चाक बरं दिसत नाही म्हणून धाकट्याने माझ्यासाठी एक काळा अभ्रा आणला. त्यावर जबडा फाडलेला वाघ छापला होता. अभ्रा मोठ्या मापाचा होता, म्हणून त्याने आत जुनी पोती कोंबली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पाचवं चाकही मोठंच आहे. मी आत अंधारात. अभ्र्यातून आणि पोत्यांतून अण्णांचा अंगठा आता माझ्यापर्यंत पोचत नव्हता. एकदा त्यांनी काठीच्या टोकाने अभ्र्यावर टोचून पाहिलं, पण पोत्यांमधून कसला आवाज येणार? माझी हवा रोज थोडीथोडी जात होती. हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि वाघाला फक्त छापलेलं होतं. टपावरचं कॅरिअर 'पुढच्या महिन्यात' करायचं होतं. पुढचा महिना दर महिन्याला पुढे सरकायचा.

आता त्या सकाळबद्दल सांगते.

आदल्या पाळीच्या दिवशी दवाखान्यातलं यंत्र बिघडलं होतं. अण्णांना तसंच परत पाठवलं होतं. म्हणजे या वेळी पाळी चुकवून चालणारच नव्हतं. आदल्या रात्रीपासून त्यांचा श्वास वर लागला होता. स्टुलावर पाय ठेवून चढताना ते तीनदा थांबले. आई त्यांच्या शेजारी बसल्या. थोरला गाडी चालवत होता, धाकटा त्याच्या बाजूला.

ओढ्यात पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. खडक जवळ आला, गाडी वर चढू लागली, आणि मागच्या उजव्या चाकातून फाटल्यासारखा आवाज झाला. कोसळलेल्या पुलातला एक लोखंडी गज पाण्याखाली उभा होता. त्याने टायरची बाजू हातभर चिरली. तिथे टायर कितीही भारी असता तरी वाचला नसता. त्यात त्या टायरचा दोष नाही आणि तो निवडणाऱ्याचाही नाही.

"स्टेपनी काढ!" थोरला ओरडला.

धाकट्याने सीटखालून जॅक काढला. जुनाच जॅक, जुन्या गाडीबरोबर आलेला. त्याने तो एक्सलखाली ठेवून पूर्ण वर केला, तरी जॅकचं टोक आणि लोखंड यांच्यात वीतभर जागा उरली. दोघेही त्या जागेकडे बघत राहिले. गाडी वाढली होती, टायर वाढले होते. जॅक, मी आणि अण्णा मात्र होतो तेवढेच राहिलो होतो.

मग दगड गोळा करणं सुरू झालं. ओढ्यातले दगड गोल आणि शेवाळलेले. धाकटा दगड रचायचा, वर जॅक ठेवायचा, थोरला दांडा फिरवायचा, गाडी जरा वर यायची आणि दगड सटकायचे. एकदा अख्खी गाडी धाडकन खाली बसली. आतून अण्णांच्या कण्हण्याचा आवाज आला. "अरे, त्यांना घाम फुटलाय. लवकर करा," आई म्हणाल्या. शेवटी थोरल्याला स्टूल आठवलं आणि त्याने ते आईंकडून मागून घेतलं, पण जॅकखाली ठेवताच त्याचा एक पाय मोडायला लागला. ते त्याने बाजूला ठेवलं. पुलाचा एक सपाट तुकडा सापडला तेव्हा कुठे जॅक ठरला. ऊन डोक्याकडे सरकलं होतं.

धाकट्याने माझ्यावरचा वाघ ओरबाडून काढला. आतून पोती पडली. त्याने मला हातात घेतलं आणि त्याच्या बोटांनीच त्याला सांगितलं. माझी बाजू मऊ होती. त्याने भावाकडे पाहिलं.

"हवा कमी आहे, दादा."

"लाव तशीच. पलीकडे तर निघू."

त्यांनी मला लावलं. मित्रांनो, मी जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा. मी माझ्या अंगात होती नव्हती तेवढी ताकद आणली. पण ताकदीने उंची वाढत नाही. जॅक काढताच गाडी माझ्या बाजूला कलली आणि मागचा लोखंडी गोळा खडकावर टेकला. ज्या खडकासाठी एवढा खटाटोप केला होता, त्याच खडकावर. पलीकडचं मोठं चाक पाण्यात नुसतं गरगरू लागलं.

"फोर-व्हील टाकतो," थोरला म्हणाला.

"शेठ काय म्हणाला होता..."

"मग काय करू? सांग ना, काय करू?"

थोरल्याने गिअरजवळचा फोर-व्हीलचा दांडा ओढला. गाडीने एक हिसका दिला, वीतभर पुढे सरकली, आणि पोटातून कडाड आवाज झाला. मग इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि एकही चाक हललं नाही.

त्यानंतर कुणी कुणावर ओरडलं नाही. थोरला पाण्यात पाठमोरा वाकला. आई आणि धाकटा यांनी अण्णांना त्याच्या पाठीवर दिलं. "तू पळ, मिळेल ती गाडी घेऊन वर ये," असं त्याने धाकट्याला सांगितलं. धाकटा चढ चढून दिसेनासा झाला. थोरला अण्णांना पाठीवर घेऊन निघाला आणि मागून आई. त्यांच्या हातात ते कलतं स्टूल होतं, मधे टेकवायला लागलं तर असावं म्हणून. मी पाहिलं ते इथपर्यंत. पुढचं वळण आलं आणि ओढ्यात मी आणि ती गाडी उरलो.

गाडी न्यायला बऱ्याच दिवसांनी क्रेन आली. बरोबर एकटा धाकटा होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं. क्रेनवाल्याने विचारलं, "कुणासाठी घाई होती म्हणे?" "वडील होते," असं तो म्हणाला. होते हा शब्द ऐकल्यावर मला बाकीचं सांगायची गरज उरली नाही.

तेव्हापासून जीप अंगणात उभी आहे. मीही अजून तिच्या मागच्या उजव्या बाजूला आहे, म्हणून ती त्या बाजूला कललेली दिसते. धाकटा तिच्याकडे बघत नाही. दुकानातून आला की भिंतीच्या बाजूने घरात जातो. त्याचा मोबाइल वाजतो तेव्हा त्यात आता गाड्यांचा आवाज नसतो. थोरला मात्र कधीकधी येऊन पायरीवर बसतो.

असाच तो एका संध्याकाळी बसला होता. आई वाळलेले कपडे काढायला आल्या आणि ते खांद्यावर टाकून त्याच्या शेजारी बसल्या.

"मी अजून भरभर चालायला हवं होतं," थोरला म्हणाला. "दोनदा दम खायला थांबलो मी."

आई कपड्यांच्या घड्या घालू लागल्या.

"भरभर चालून काही झालं नसतं रे. पहिल्या वळणावरच गेले ते. त्यांचा हात तुझ्या छातीवरून खाली पडला, तेव्हाच मला कळलं."

थोरल्याने मान वर केली. "पहिल्या? आई, मी तर मोठ्या रस्त्यापर्यंत... तू बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतास त्यांच्याशी. सारखा बोलत होतास. गाडीचा आवाज सुरू झाल्यापासून तुम्ही बापलेक धड बोलला नव्हता. म्हटलं, बोलू दे याला." त्यांनी हातातला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "काय विचारत होतास एवढं? मला मागे नीट ऐकू येत नव्हतं."

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"विचारत होतो, गाडी किती उंच ठेवू म्हणून. म्हटलं, अण्णा, तुम्हाला पाय टाकता येईल एवढीच ठेवतो, तुम्ही फक्त सांगा. सांगा ना, म्हणत होतो."

मित्रांनो, आम्हा चाकांना आयुष्यात शिकायला फार थोडं मिळतं. जे मिळालं ते तुमच्या हवाली करते. कुणासाठी काही मोठं करायला निघाल तेव्हा आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्याला काय पेलेल ते विचारा. दुकानात नंतर जा. माणूस उत्तर देऊ शकतो तोवर विचारा.

आई कपडे घेऊन आत गेल्या. थोरला अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होता.